घरची बोली, शाळेची भाषा आणि इंग्रजी

(शिळफाटा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, किंचित संक्षेपाने.)



या अभ्यासवर्गासाठी कोणता विषय घेणार, असे संयोजकांनी मला विचारले, तेव्हा कंत्राटी कामगारांचे वेतन किंवा नवे अंदाजपत्रक यांपैकी काहीतरी मी सुचवीन अशी त्यांची अपेक्षा असावी. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाकडून दुसरी कोणती अपेक्षा करणार? मी ‘भाषा’ म्हणालो, तेव्हा सौजन्याने लपविलेली थोडी निराशा मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. मी भाषाशास्त्रज्ञ नाही, हे आरंभीच कबूल करतो. परंतु मूल पहिली भाषा कशी आत्मसात करते आणि त्या भाषेचा दुसरी भाषा शिकण्याशी काय संबंध असतो, या प्रश्नाचे चुकीचे उत्तर गृहीत धरून खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांतील गरीब कुटुंबे पोटाला चिमटा घेऊन दर महिन्याला जो पैसा खर्च करीत आहेत, तो माझ्या विषयाच्या कक्षेत निश्चित येतो.

गेल्या मे महिन्यातील गोष्ट आहे. इथेच, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, एस.टी.ची वाट पाहत मी उभा होतो. नऊ-दहा वर्षांची एक कातकरी मुलगी पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन बसली होती. मुंबईहून आलेली मोटार थांबली. पोरीने हिंदीत भाव सांगितला : ‘बीस का एक, पचास का तीन.’ घेणाऱ्याने घासाघीस केली, ती पोरगी त्याला पुरून उरली. मग पन्नासाची नोट सुटी करायला ती वडापावच्या गाडीवाल्याकडे गेली आणि त्याच्याशी मराठीत बोलली. परत येऊन झाडाखाली बसलेल्या आईला तिने जे सांगितले ते कातकरी बोलीत. ते मला अर्धेच कळले. पाच मिनिटांत तीन भाषा, आणि तिन्हींत हिशेब चोख. मी तिला विचारले, कितवीत आहेस? म्हणाली, पाचवीत जाणार. माझ्या हातात वर्तमानपत्र होते, ते पुढे केले. तिने मथळ्यातील अक्षरे एकेक करून ओळखली. परंतु त्या अक्षरांचा शब्द होईना, आणि शब्दांचे वाक्य तर नाहीच. पुढे काही दिवसांनी या भागातील एका शिक्षकांशी बोलताना मी हा प्रसंग सांगितला. गृहस्थ मनाने चांगले, मुलांसाठी झटणारे. ते सहज म्हणून गेले, ‘काय करणार सर, या मुलांना भाषाच नाही हो!’

तीन भाषांत व्यवहार करणाऱ्या मुलीला ‘भाषाच नाही’ असे एका भल्या माणसाला वाटते, याचा अर्थ काय?

पहिली भाषा ही गोष्ट आपल्याला इतकी नैसर्गिक वाटते की तिचे नवल वाटेनासे झाले आहे. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले’ ही तीन वाक्ये घ्या. खाणारा तोच, क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलते. परंतु ‘मी आंबा खातो’ म्हणताच क्रियापद पुन्हा कर्त्याकडे वळते. हा नियम कोणती आई मुलाला शिकविते? आईला स्वतःलाच तो नियम म्हणून ठाऊक नसतो. तरी शाळेत जाण्यापूर्वीच मूल तो बिनचूक पाळू लागते. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांतील भेद, म्हणजे ऐकणारा बरोबर येणार की मागे राहणार हा भेद, इंग्रजीच्या एकाच सर्वनामात बुडून जातो. आपले चार वर्षांचे पोर मात्र ‘आम्ही’ ऐकताच रडू लागते, कारण आपल्याला नेणार नाहीत हे त्याला कळलेले असते. आणि तेच पोर ‘मी करलं’ असे म्हणते तेव्हा ते चुकत नसते, तर्क करीत असते. ‘बस’चे ‘बसलं’, ‘पड’चे ‘पडलं’, मग ‘कर’चे ‘करलं’ का नाही? मोठ्यांच्या तोंडून ‘करलं’ हे रूप त्याने ऐकलेलेच नाही. म्हणजे ते नक्कल करीत नाही, नियम बनविते. भाषा म्हणजे केवळ सवयींची साखळी, हे स्किनरचे मत चॉम्स्कीने १९५९ साली खोडून काढले, त्या वादाच्या मुळाशी हीच गोष्ट होती.

इंग्रजी शिकणारी मुलेही ‘गो’चा भूतकाळ ‘गोएड’ असा करतात. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ती करतात, आणि ज्यांची नाही तीही करतात. म्हणजे नियम बनविणारे जे यंत्र पहिल्या भाषेसाठी चालले, ते दुसऱ्या भाषेसाठीही चालतेच. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी ते रिकाम्या जागेवर चालत नाही. तिथे अगोदर एक घर बांधलेले असते.

या घराचा उपद्रवही होतो, हे मान्य केले पाहिजे. माझेच उदाहरण देतो. आमच्या घरात आगरी बोली. आम्ही ‘मना पानी दे’ म्हणत असू; डोळ्याला ‘डोला’ म्हणत असू. शाळेत गेल्यावर श्रुतलेखनात ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ इतक्या नियमाने पडे की गुरुजींची छडीही तितक्याच नियमाने पडे. ते गुरुजी आज असते तर मी त्यांना नम्रपणे सांगितले असते की, गुरुजी, ज्या मुलाची चूक दर वेळी तीच असते त्याला नियम येत नाही असे म्हणता येत नाही. त्याला दुसरा नियम येत असतो. हिंदी शिकताना मराठी माणसाची अशीच फजिती होते. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा म्हणजे छडी. (माझ्या बाबतीत दोन्ही एकच होते.) हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘यातायात’ म्हणजे वाहतूक. इंग्रजी बोलताना ‘व’चे दोन उच्चार आपल्याला वेगळे करता येत नाहीत, आणि नामापूर्वीची उपपदे कुठे घालायची हे एम.ए. झाल्यावरही मला खात्रीने सांगता येत नव्हते. परंतु हा सगळा उपद्रव वरवरचा, ओसरीवरचा आहे. घराच्या आत जे साठविलेले असते त्याचा उपयोग याहून कितीतरी मोठा आहे, आणि नेमका तोच आपण हिशेबात धरीत नाही.

आपल्याकडे सर्रास बोलले जाते की लहान मूल भाषा झटकन उचलते, म्हणून इंग्रजी जितके लवकर आणि जितके अधिक, तितके चांगले. या समजुतीत थोडे सत्य आहे. भाषा आत्मसात करण्याला एक वयोमर्यादा असते, असा सिद्धान्त लेनेबर्गने १९६७ साली मांडला. उच्चारांच्या बाबतीत तरी लहान वयाचा फायदा दिसतो. परंतु हॉलंडमध्ये येऊन राहिलेल्या इंग्रजीभाषिक कुटुंबांचा अभ्यास कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकारी यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला, त्यात डच भाषा सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने कोण शिकले? बारा ते पंधरा वयाची मुले. तीन-चार वर्षांची बालके सर्वांत मागे होती. ज्यांची पहिली भाषा पक्की झाली होती, ज्यांना वाचता येत होते, ती पुढे गेली. पुढे अनेक वर्षे त्याच समाजात राहिल्यास लहान मुले मोठ्यांना गाठतात, हे खरे. परंतु त्यांच्या भोवती रात्रंदिवस ती भाषा असते. आपल्या ठाकरवाडीच्या भोवती इंग्रजी कुठे आहे?

इथे मला माझ्या धंद्यातील गणित करू द्या. मूल दिवसातील दहा तास भाषेच्या सहवासात असते असे धरले, तर पाच वर्षांत पहिल्या भाषेचे १८,२५० तास होतात. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेचे किमान दिवस २००. इंग्रजीची रोज चाळीस मिनिटांची एक तासिका धरली तर वर्षाला सुमारे १३३ तास. या दराने पहिल्या भाषेइतके तास भरायला १३७ वर्षे लागतील! तुम्ही म्हणाल, म्हणूनच सगळी शाळाच इंग्रजीत करा. पालक नेमके हेच म्हणतात, आणि तर्क वरून पाहता बिनतोड आहे. त्यात गोम अशी की, न कळणाऱ्या भाषेत कानावर पडलेला तास हा भाषेचा तास नसतो. तो गोंगाटाचा तास असतो. शिवाय त्या वर्गातील शिक्षिकेचे स्वतःचे इंग्रजी पाठ्यपुस्तकापलीकडे जात नसेल, तर हजार तासांत मुलाच्या पदरात ‘मे आय कम इन’ आणि पाठ केलेली उत्तरे यांपलीकडे काय पडणार?

याउलट, पहिल्या भाषेत जे खरोखर कळले ते दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावे लागत नाही. वाचायला माणूस एकदाच शिकतो. लिपी बदलली तरी ‘खुणेतून अर्थ निघतो’ हा शोध दुसऱ्यांदा लावावा लागत नाही. ‘क्षेत्रफळ’ ही कल्पना ज्याला कळली त्याला इंग्रजीत फक्त तिचे नाव शिकायचे उरते. मी इंग्रजी पाचवीत सुरू केले, शालान्त परीक्षा मराठीतून दिली आणि महाविद्यालयात एकदम इंग्रजी पुस्तके पुढ्यात आली. ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ या प्रकरणाची पहिली चार पाने मी आठ दिवस वाचीत होतो. मग एके रात्री आई आठवली. मिठाचा भाव चढला तरी ती मीठ तेवढेच आणी. सुक्या बोंबलांचा भाव चढला की हात आखडता घेई. मागणीची लवचिकता ती हीच! कल्पना माझ्याजवळ आगरीत तयार होती, तिच्यावर मराठी पारिभाषिक शब्द बसला, आणि मग इंग्रजी प्रकरण एका बैठकीत वाचून झाले. ते प्रकरण पुढे मी पस्तीस वर्षे शिकविले.

कॅनडातील जिम कमिन्स यांनी १९७९ साली हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली. दोन भाषा म्हणजे डोक्यातील दोन वेगळ्या कोठ्या नव्हेत, की एकीत भर घातली म्हणजे दुसरीतील जागा कमी व्हावी. वर दोन वेगळी तोंडे, खाली पाणी एकच. त्यांनी आणखी एक भेद केला, तो आपल्या करवंदवालीसाठी महत्त्वाचा आहे. समोरासमोरच्या व्यवहाराची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. पहिलीत हातवारे असतात, समोर वस्तू असते, न कळल्यास पुन्हा विचारता येते. दुसरीत यांपैकी काही नसते. ‘कारण’, ‘तथापि’, ‘जर-तर’ यांच्याच आधारावर अर्थ उभा करावा लागतो. कॅनडात आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना व्यवहाराची इंग्रजी साधारण दोन वर्षांत येई. अभ्यासाच्या इंग्रजीत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागत. ती मुले फडाफडा बोलतात हे पाहून शिक्षक समजत की भाषा आली, आणि परीक्षेत नापास झाली की समजत बुद्धी नाही.

आमच्या मुलीच्या तीन भाषा या पहिल्या प्रकारच्या आहेत. दुसऱ्या प्रकारची भाषा तिला कोणीच दिली नाही. कातकरीत दिली नाही, कारण कातकरी ही शाळेची भाषा नव्हे. मराठीत दिली नाही, कारण मराठी तिची पहिली भाषा आहे असे शाळेने परस्पर ठरवून टाकले होते. पायरी गाळली आणि पोरगी पडली, तेव्हा दोष पोरीच्या पायाला. त्यात तिचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. हजेरीपटावरील या रिकाम्या महिन्यांबद्दल वेगळे बोलले पाहिजे, आज बोलत नाही.

स्वीडनमधील कारखान्यांत काम करायला गेलेल्या फिनलंडच्या मजुरांच्या मुलांची अवस्था अशीच झाली होती. स्कुटनाब-कांगास आणि टौकोमा यांनी १९७६ साली दाखवून दिले की, दहाव्या वर्षाच्या आसपास, फिनिश भाषा पक्की झाल्यावर जी मुले स्वीडनमध्ये आली, ती स्वीडिश भाषेत त्यांच्याहून लहान वयात आलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. या मंडळींनी काही मुलांना लावलेला ‘अर्धभाषिक’ हा शब्द पुढे टीकेचा धनी झाला, आणि ती टीका रास्त होती. ‘भाषाच नाही हो’ म्हणणारे आपले शिक्षक आणि तो शब्द यांत फारसे अंतर नाही. नायजेरियातील इफे येथे १९७० साली बाब्स फाफुन्वा यांनी सुरू केलेला प्रयोग मला याहूनही मोलाचा वाटतो, कारण तो आपल्यासारख्याच वसाहतीतून बाहेर पडलेल्या गरीब देशातील आहे. काही वर्गांना सहाही वर्षे सर्व विषय योरुबा या मातृभाषेत शिकविले आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून, परंतु त्यासाठी खास तयार केलेले शिक्षक देऊन. दुसऱ्या वर्गांना प्रचलित पद्धतीप्रमाणे चौथीपासून इंग्रजी माध्यम. मातृभाषेतील मुले इतर विषयांत पुढे गेलीच, पण इंग्रजीतही मागे राहिली नाहीत. या प्रयोगाचे नाव घेणारे पुष्कळदा अर्धेच सांगतात. मातृभाषा हा त्याचा एक पाय; इंग्रजीचा उत्तम शिक्षक हा दुसरा.

साथींनो, या दुसऱ्या पायावर मला जरा रेंगाळायचे आहे, कारण आपली चळवळ तिथेच लंगडली.

दोन वर्षांपूर्वी खोपोलीजवळच्या एका कामगारवस्तीत मी हेच सारे बोलत होतो. मातृभाषेचे महत्त्व, परभाषेचे ओझे वगैरे. कंत्राटी कामावर जाणारी एक बाई मागून उठली आणि म्हणाली, ‘सर, तुमची नात कुठल्या शाळेत जाते?’ मी खरे ते सांगितले. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. सभेत कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. ती बाई शांतपणे म्हणाली, ‘मग आमच्याच पोरांनी का मराठीत शिकायचं?’ मी काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले आणि मलाही.

तिच्या प्रश्नाच्या मागे मोठा इतिहास आहे. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला, तो इंग्रजी साहेबाच्या प्रेमापोटी नव्हे, ज्ञानाचे जे दार संस्कृतने बंद केले होते ते दुसरीकडून उघडता येत होते म्हणून. लोहियांचा आक्षेप इंग्रजी या भाषेला नव्हता, मूठभरांच्या सत्तेचे हत्यार म्हणून होणाऱ्या तिच्या वापराला होता. आपण मात्र त्याचे सोपे रूप करून घेतले : गरिबांच्या शाळेतून इंग्रजी काढा. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने १९८३ च्या सुमारास सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढले. हेतू शुद्ध होता. परिणाम काय झाला? ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी मुले खासगी शाळांत घातली, आणि इंग्रजीपासून वंचित राहिली ती शेतमजुरांची मुले. १९९८ साली पवित्र सरकार समिती नेमावी लागली आणि इंग्रजी टप्प्याटप्प्याने परत आणावे लागले. इंग्रजीला बाजारात भाव आहे हे नाकारून चालणार नाही. आझम, चिन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ च्या भारतीय आकडेवारीवरून असा निष्कर्ष काढला की, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाचे तासाचे वेतन, शिक्षण वगैरे इतर गोष्टी सारख्या धरूनही, इंग्रजी न येणाऱ्यापेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी अधिक असते. मोडकेतोडके बोलणाऱ्याचे १३ टक्क्यांनी. ही तफावत ज्या आईला दिवसाच्या रोजावरून कळते, तिला आपण मातृभाषेचे माहात्म्य सांगायला जातो!

म्हणून त्या बाईची मागणी बरोबर आहे असे मी आज म्हणतो. तिला विकला जाणारा माल मात्र खोटा आहे. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ‘इंटरनॅशनल’ अशी पाटी लावलेली शाळा ती निवडते. माल चांगला की वाईट हे पाहायला तिच्याजवळ साधन नाही, कारण तिला स्वतःला इंग्रजी येत नाही. मूल घरी येऊन दोन बडबडगीते म्हणते, बूट-टाय घालते, तोच तिला नमुना. विकणाऱ्याला मालाचे गुण ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने सिद्ध केले आणि २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी आमच्या महामार्गावरच्या शाळा पाहिल्या असत्या तर मोटारींची गरज पडली नसती. माझी नात इंग्रजी शाळेत टिकते, याचे कारण घरी तिच्या आईबापांना दोन्ही भाषा येतात, पुस्तके आहेत, आणि आजोबा रिकामे आहेत. तिची पहिली भाषा तुटलेली नाही. त्या बाईच्या मुलाची तुटते, आणि दुसरी जोडली जात नाही.

सरकारी शाळांची स्थिती तरी काय आहे? ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत पाचवीतील ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येत होता. स्वतःच्या राज्याच्या भाषेतील उतारा! महाराष्ट्रात २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आले. निर्णयामागची समतेची भावना मी मान्य करतो. परंतु इफेचा दुसरा पाय, म्हणजे प्रत्येक शाळेला इंग्रजीचा तयार शिक्षक, तो मात्र आला नाही.

मग १६ एप्रिल २०२५ रोजी शासनाने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. विरोध झाल्यावर १७ जूनला शब्द बदलले, आणि २९ जूनला दोन्ही शासननिर्णय रद्द करून नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपण त्या विरोधात होतो आणि तो विरोध योग्य होता. परंतु मी जी भाषणे ऐकली त्यांत मराठीच्या अस्मितेबद्दल पुष्कळ होते. ज्या मुलाला मराठी हीच दुसरी भाषा आहे त्याच्याबद्दल एक वाक्यही नव्हते. पहिलीतल्या कातकरी मुलाच्या हिशेबाने मराठी दुसरी, इंग्रजी तिसरी आणि हिंदी चौथी! आणि त्याची पहिली? ती कोणत्याच शासननिर्णयात नव्हती. कातकरी ही आपल्या राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक. ग्रियर्सनने १९०५ साली मराठीला वाहिलेल्या आपल्या सातव्या खंडात तिच्या बोलीची दखल घेतली. परकीय अधिकाऱ्याला जी बोली नोंदण्याजोगी वाटली, ती आपल्या शाळेच्या दारात चपलेसारखी बाहेर काढून ठेवावी लागते.

कायद्यात याची तरतूद नाही असे नाही. घटनेच्या १९५६ साली घातलेल्या ३५०-अ या अनुच्छेदात आहे, शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात ‘शक्य तेथवर’ या पळवाटेसह आहे. आंध्र प्रदेशाने आणि २००६-०७ पासून ओडिशाने आदिवासी भाषांतून पहिली वर्षे शिकवून हळूहळू राज्यभाषेकडे आणि इंग्रजीकडे नेण्याची योजना सुरू केली. आपल्याला इतके दूर जायचेही कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काय केले? मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा अंगणात नेली, गुरे चारायला गेली म्हणून कुरणात नेली. मुलाच्या परिसरातील पाने, खडे, चिंबोऱ्या, गाणी हेच साधन. आधी मुलाच्या जगाचे त्याच्याच शब्दांत बोलणे, मग त्यातून अक्षरे. कमिन्सचा निबंध त्या वेळी लिहिला गेला नव्हता.

आता आपण करायचे काय, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. कातकरी माध्यमाच्या शाळा काढा असे मी म्हणत नाही. ती मागणी वाडीवरचे कोणी करीत नाही आणि आपण त्यांच्या वतीने करू नये. मागणी अशी करू की, वाडीवरच्या अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीत त्या वाडीची बोली जाणणारी एक बाई पगारावर असलीच पाहिजे. बारावी झालेल्या कातकरी आणि ठाकर मुली आज या तालुक्यांत आहेत आणि कारखान्याच्या दारात कंत्राटावर उभ्या राहतात. मुलाने बोलीत सांगितलेली गोष्ट मराठीत लिहून तीच त्याला वाचायला द्यावी. आणि याच दमात, जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत इंग्रजी शिकविण्यासाठी तयार केलेला शिक्षक द्या, असे म्हणावे. कचरत म्हणायचे नाही. पहिली मागणी करताना दुसरी गिळली की ती बाई पुन्हा उठून उभी राहील, आणि तिचे बरोबर असेल.

निवेदन मी लिहून देईन. परंतु निवेदनाला आकडे हवेत, आणि ते कोणत्याही कार्यालयात मिळणार नाहीत : कोणत्या वाडीवर किती मुले, घरात कोणती बोली, चौथीपर्यंत गेलेल्या किती जणांना वाचता येते, आणि बोली जाणणारी शिकलेली मुलगी वाडीत कोण आहे. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. भट्टीवर गेलेली कुटुंबे त्यापूर्वीच्या पंधरवड्यात परत येतात. तेव्हाच हे काम झाले पाहिजे. जाताना एकेक सोपे गोष्टीचे पुस्तक बरोबर न्यावे आणि मुलांना वाचायला लावावे. शिक्षकांना दोष देत फिरू नये, पुष्कळांना बरोबर घेता येईल. कोणी कोणती वाडी घ्यायची ते चहाच्या वेळी ठरवून टाका. माझे गुडघे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, तेव्हा मला रस्त्यालगतची एखादी वाडी द्यावी.